जर्मनचं पिस्तूल

टीव्हीसमोर बसून एखादा माणूस किती चिडू शकतो, हे मी काकांच्या घरी पाहिलं. रेवदंड्याला खाडीच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, आत दुपारची मालिका चालू. पडद्यावर एक बाई पर्समधून छोटं पिस्तूल काढून दिराला गोळ्या घालत होती आणि काका पाटावरून अर्धवट उठून, हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून, मोजत होते.

"पाच. सहा. सात. आठ! अगं भवाने, सहाच मावतात त्यात! वरच्या दोन काय तोंडातनं काढल्यास?"

आतून काकू म्हणाल्या, "ओरडू नका. तिला ऐकू येत नाही."

"म्हनून तर ओरडतो!"

मी तेव्हा मालिकांच्या शूटिंगवर कंटिन्युइटी बघायचे. आधीच्या शॉटमध्ये कप उजव्या हातात असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो डाव्या हातात जाऊ नये, कपाळावरची जखम भुवईच्या वरून भुवईच्या खाली सरकू नये, यावर लक्ष ठेवायचं, फोटो काढायचे, कागदावर टिपायचं, हे माझं काम. अलिबागच्या आसपासचे बंगले शूटिंगला भाड्याने मिळतात, त्यामुळे मुंबईची युनिटं सारखी आमच्याकडे येतात. मी चौलची. तिथल्या तिथे काम मिळालं म्हणून लागले होते. काका शूटिंगला हत्यारं पुरवायचे. रबराचे सुरे, लाकडी तलवारी, ॲल्युमिनियमच्या बंदुका. एक लोखंडी ट्रंक होती, तिला दोन कुलपं, आणि दोन्हींची चावी गळ्यात काळ्या दोऱ्यात. सेटवर सगळे त्यांना काका म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मूळचे ते मिठागरवाल्यांच्या घरातले, पण तरुणपणीच नागोठण्याच्या बाजूला एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लोखंड, पितळ, जस्त हे त्यांना आपल्याला नातेवाईक कळतात तसं कळायचं. कोण कुठवर साथ देईल आणि कोण कधी दगा देईल, हे हातात घेतल्या घेतल्या सांगायचे. शर्टाच्या खिशात पेन नसे, खडू असे. पिशवीत रॉकेलची चपटी बाटली. एखाद्या भागाला भेग गेल्याचा संशय आला की त्याला रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वर खडू घासायचा आणि थांबायचं. भेग असेल तर तिच्यात मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मी विचारलं नव्हतं. त्यांना कुणी विचारायची गरज नसे.

ट्रंकेत सगळ्यात खाली, फ्लॅनेलच्या फडक्यात, एक छोटं जर्मन पिस्तूल असायचं. तळहातात मावेल एवढं. गोळी त्यात बसतच नव्हती, नळीत आडवी पोलादी पट्टी ओतलेली होती. त्यात फक्त आवाजाची काडतुसं घालायची, म्हणजे धूर, ठिणगी आणि आवाज. जर्मनीत म्हणे असली पिस्तुलं कुत्र्यांना घाबरवायला सुद्धा लोक विकत घ्यायचे. मुरूडचा एक खलाशी बोटीवर होता, त्याने हॅम्बुर्गच्या धक्क्याजवळच्या दुकानातून ते फार वर्षांपूर्वी आणलं. तिथे ते मनगटी घड्याळापेक्षा स्वस्त मिळालं होतं. त्याच्याकडून ते शूटिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या मुंबईच्या एका प्रॉपर्टीवाल्याकडे गेलं आणि त्या प्रॉपर्टीवाल्याचं गोदाम मोडलं तेव्हा काकांकडे आलं.

"जर्मन म्हटलं की लोकांच्या छात्या फुगतात," ते म्हणायचे. "जर्मन मशीन, जर्मन पोलाद. हे जस्त हाय, बाय. बादलीला लावतात ते. ओतलं, घासलं, काळा रंग दिला, झालं पिस्तूल."

काकू यावर एकदा म्हणाल्या, "आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला नाही का जर्मनचं पातेलं म्हणत? पडलं की पोचा. तसंच हे जर्मनचं पिस्तूल." त्या दिवसापासून सेटवर त्या पिस्तुलाचं नाव 'जर्मन' पडलं. जर्मन आणा, जर्मन ठेवा.

स्वस्त म्हणून ते त्याला हिणवायचे, पण दुसऱ्या कुणी हिणवलं की खवळायचे. जुन्या काळी त्या देशात खरी गोळी झाडणारी सुद्धा असली खिशातली पिस्तुलं ढिगाने निघाली, त्यांची सगळी वंशावळ त्यांना पाठ होती. कुठल्याचं घोड्याजवळचं वळण कसं, कुठल्याच्या मुठीला लाकडाची पट्टी आणि कुठल्याच्या मुठीला काळ्या रबराची. आणि पडद्यावर ती कुठे कुठे दिसली याची एक वही होती. जुने हिंदी चित्रपट, इंग्रजी चित्रपट, अलीकडच्या मालिका, सगळं त्यात. त्यांचा एक सिद्धांत होता. पडद्यावर मोठं पिस्तूल नायकाला मिळतं आणि छोटं पिस्तूल फसवणाऱ्याला. पत्त्यात लबाडी करणारा, नवऱ्याला विष घालणारी, टेबलाच्या खणात हात घालत घालत गोड बोलणारा शेठ. "गरिबाला चोर म्हनतात ना, तसं हाय हे," ते म्हणायचे. "स्वस्त हाय म्हनून लबाडाच्या हातात. आनि आवाज मात्र तोफेचा लावतात. लवंगी फुटावी येवढा आवाज हाय रं त्याचा, लवंगीयेवढा!"

त्यांचं स्वतःचं जर्मन पडद्यावर आलं की ते लगेच ओळखायचे, कारण मुठीच्या डाव्या पट्टीचा कोपरा उडालेला होता. एका ऐतिहासिक मालिकेत ते क्रांतिकारकाच्या हातात दिलं गेलं. काकांनी आधी सांगितलं होतं की हे स्वातंत्र्यानंतर बनलेलं आहे. दिग्दर्शक म्हणाला, "काका, कोण बघतंय?" भाग लागला त्या दिवशी काकांनी वाहिनीला पोस्टकार्ड टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. उत्तर आलं नाही. पुढे मोबाइल आला तेव्हा पोस्टकार्डांऐवजी ते मला आवाजी संदेश पाठवायला लागले. सात सात मिनिटांचे. सुरुवात ठरलेली: "बाय, बघितलंस?"

एक सवय सेटवर सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. ते कुणाकडे कधी बोट दाखवायचे नाहीत. अलिबागची रिक्षा कुठे मिळते विचारलं तरी पूर्ण तळहात उघडून दिशा दाखवायचे. दिवाळीत शेजारच्या पोरांनी टिकल्यांचं पिस्तूल बहिणीवर रोखलं की ते अंगणात उतरून हिसकावून घ्यायचे. पोरांच्या आया भांडायला यायच्या. मग हे त्या आयांवरही चिडायचे.

एका नाक्यावर पोलिसांनी आमची गाडी अडवली ती गोष्ट तर युनिटमध्ये वर्षभर सांगितली जात होती. ट्रंक उघडायला लावली, परवानगीची पत्रं दाखवली, पण एका तरुण शिपायाने रबराची बंदूक उचलली आणि सहज म्हणून चापावर बोट ठेवलं. नळी आमच्या ड्रायव्हरकडे.

"बोट काढ," काका म्हणाले.

"काका, रबराची आहे ना?"

"तुला ठावं हाय रबराची हाय? तू तपासलीस? मी सांगितलं म्हनून तू मानलंस? मी कोन हाय तुझा? बोट काढ आधी!"

शिपायाने बोट काढलं. त्याच्या साहेबाने काकांना खुर्ची दिली आणि चहा मागवला. काकांनी चहा पिता पिता साहेबालाही झापलं.

इतकं सगळं हसण्यासारखं होतं. पण मी हे हसवायला लिहीत नाही. मला अजून राग येतो, आणि तो कागदावर उतरवल्याशिवाय जाणार नाही असं वाटलं म्हणून बसले आहे.

एका मालिकेचं शूटिंग रेवदंड्याजवळच समुद्राकाठच्या बंगल्यात चाललं होतं. त्यात खलनायकाच्या साथीदाराचं काम सुयोग नावाच्या एका मुलाला मिळालं होतं. मुलगा म्हणजे सव्वीस वर्षांचा. म्हसळ्याचा. दिवसा झेरॉक्सच्या दुकानात, उरलेल्या वेळात हौशी नाटकं. कॅमेऱ्यासमोर वाक्य बोलायची ही त्याची पहिली वेळ. काका त्याला सकाळपासून घेऊन बसले होते. मनगट कसं ठेवायचं, हात किती लांब, चेहरा किती मागे. तोही मन लावून करत होता. काका त्याला मनापासून शिव्या घालत होते, यावरून मला कळलं की तो त्यांना आवडला होता.

प्रसंग असा होता: साथीदार नायिकेच्या कानशिलाला पिस्तूल लावतो, ती झटका देते, हात वर जातो आणि बार छताकडे उडतो. काकांनी उन्हं कलल्यावर, शॉटच्या आधी, जर्मन तपासलं. रॉकेल, फडकं, खडू. मी शेजारीच होते. वरच्या सरकत्या भागाच्या मागच्या बाजूला, खडूवर केसाएवढी काळी रेघ हळूहळू उमटली.

काका उठून दिग्दर्शकाकडे गेले. "ह्याच्यात आता काडतूस जानार न्हाय. भेग गेली हाय. मागचा तुकडा सुटला तर धरनाऱ्याच्या तोंडावर येईल. आनि तसंही डोक्याजवळ आवाजाचा बार काढायचा नसतो. ठिनगी संगणकावर टाका."

"काका, संगणकाची ठिणगी चीप दिसते यार," दिग्दर्शक म्हणाला. "एक ही तो शॉट है."

"एकच डोकं असतं मानसाला."

प्रॉडक्शनचा मॅनेजर मध्ये पडला. इतकी वर्षं चाललेलं पिस्तूल आजच कसं बिघडलं, असं त्याने विचारलं. काकांनी त्याला खडूवरची रेघ दाखवली. त्याने नीट बघितलंसुद्धा नाही. शेवटी काका म्हणाले, घरी रबराचं हुबेहूब आहे, ते घेऊन येतो, त्याने करा. रिक्षाने जायला-यायला पाऊण तास. निघताना त्यांनी गळ्यातून चावी काढून माझ्या हातात दिली. पुढच्या सीनला सुरी लागणार होती.

"सुरी लागली तर काढून दे. जर्मनला हात न्हाय लावायचा. कळलं, बाय?"

"हो काका."

ते गेले. वीस मिनिटांत दिग्दर्शक माझ्याकडे आला. समुद्राकडून येणारा तो सोनेरी उजेड चालला होता, हे खरं होतं. तो म्हणाला, "पिस्तूल दे. फक्त हाताचा क्लोज घेतो. लोड नाही करत." मी म्हटलं, काकांना येऊ दे. तो हसला आणि म्हणाला, "पुढच्या मालिकेत तुला असिस्टंट डिरेक्टर घ्यायचं ठरवलंय मी. तेव्हाही काकांना विचारणार का?"

मी ट्रंक उघडली. मीच उघडली. दुसऱ्या कुणी माझ्या हातातून चावी ओढून घेतली नाही. हे मी आता कुठल्याही आडवळणाने सांगणार नाही.

काकांची आवाजाची काडतुसं त्यांच्या कमरेच्या डब्यात असायची, ती त्यांच्याबरोबर गेली होती. पण मारामारीची दृश्यं बसवणाऱ्या ॲक्शनच्या माणसाकडे काडतुसांचं स्वतःचं पाकीट होतं. मी सवयीने फोटो काढत होते. सुयोगचा हात, शर्टाची बाही, नायिकेचे केस. तिसऱ्या फोटोत ॲक्शनचा माणूस पिस्तुलात काडतूस भरताना दिसतो. पाकीट दिसतं, बोटं दिसतात, मागे मॅनेजर उभा दिसतो. मी तो फोटो काढला तेव्हा मला ते दिसलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

सुयोग म्हणाला, "काका येऊ देत ना." कुणीतरी म्हणालं, "अरे, रोल पाहिजे ना तुला?"

बार झाला. लवंगीएवढा आवाज झाला. नायिका वाकली होती, तिला काही झालं नाही. सुयोग दोन पावलं मागे गेला आणि त्याने उजव्या डोळ्यावर हात धरला. आधी मला वाटलं तो अभिनय करतोय. मग बोटांतून रक्त आलं.

काका रबराचं पिस्तूल घेऊन फाटकातून आत आले तेव्हा गाडी सुयोगला घेऊन अलिबागकडे निघाली होती. त्यांनी जमिनीवर पडलेला जस्ताचा तुकडा पाहिला, उघडी ट्रंक पाहिली, मग मला पाहिलं. मी काही बोलायच्या आत मॅनेजर ओरडायला लागला. म्हाताऱ्याने भरलेलं पिस्तूल सेटवर सोडलं, असं तो सगळ्या युनिटसमोर म्हणाला. इतक्या मोठ्याने, की नंतर सगळ्यांना तसंच आठवावं.

पोलिसांकडे जबाब गेले ते प्रॉडक्शनच्या ऑफिसात टाइप झालेले. दुर्दैवी अपघात. हत्यार पुरवणाऱ्याचा हलगर्जीपणा. माझ्या कागदावर होतं: पिस्तूल कुणी भरलं हे मी पाहिलं नाही. मी सही केली. मॅनेजरने पेन दिलं, त्याचं टोपण त्यानेच काढून दिलं होतं. इतकं मला आठवतं आणि आठवलं की अजून हात धुवावेसे वाटतात.

काकांची ट्रंक जप्त झाली. परवानगीची पत्रं रद्द झाली. सुयोगचा उजवा डोळा गेला.

तीन आठवडे मी काकांना फोन केला नाही. त्यांचाही आला नाही, आवाजी संदेशही नाही. मी नव्या मालिकेच्या कामाला लागले होते. असिस्टंट डिरेक्टर म्हणून. सेटवर लोक मला मॅडम म्हणायला लागले होते.

मग तो भाग लागला. मी घरी आईबरोबर बघत होते. नायिका, कानशिलाला पिस्तूल, झटका, बार. आणि तोच शॉट. दुसरा घेतलाच नव्हता, त्यांनी तोच वापरला. सुयोगचा हात चेहऱ्याकडे जायला लागतो, तिथे कापला होता. माझं कामच ते आहे, मला कळणार नाही? मागचा तुकडा सुटलेला एका क्षणापुरता दिसतसुद्धा होता. वर त्यांनी तोफेचा आवाज लावला होता. आई म्हणाली, "काय छान घेतलंय गं!"

फोन वाजला. काका होते.

"बघितलंस?"

"हो."

"वापरला त्यांनी. पोराचा डोळा गेला तो शॉट वापरला." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "रानटी जनावर पन आपल्या रक्ताचा वास आला की बाजूला होतं. हे ते दाखवून जाहिराती घेतात. मी आता वाहिनीच्या दारात जाऊन बसनार हाय. मना कोन उचलतो ते बघू दे."

"काका," मी म्हटलं, "माझ्याकडे फोटो आहे."

"कसला?"

मी सांगितलं. काडतूस भरतानाचा. पाकिटासकट, मॅनेजरसकट. आणि सही कसल्या कागदावर केली तेही सांगितलं.

मी वाट बघत राहिले. मला वाटलं आता माझ्या सात पिढ्या निघतील, आणि खरं सांगायचं तर त्या निघाव्यात असंच मला वाटत होतं. तीन आठवडे मी त्याचीच वाट बघत होते. पण अगदी साध्या आवाजात, कुणा साहेबाशी बोलावं तसे ते म्हणाले, "उद्या सकाळी धा वाजता अलिबागला या. पोलिस ठान्याच्या बाहेर. फोटो घेऊन या, मॅडम."

या. घेऊन या. मॅडम. मी फोन तसाच कानाला धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी जबाब बदलला. चावी कुणी दिली, ट्रंक कुणी उघडली, भरलं कुणी, सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, आधी खोटं का सांगितलं? मी म्हटलं, नोकरीसाठी. त्याने तसंच लिहिलं. काका बाहेर बाकड्यावर बसून होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "झालं? आता म्हसळ्याला जायचं. तुमच्याकडे वेळ हाय?"

एसटीत ते माझ्या पुढच्या सीटवर बसले. सगळा रस्ता त्यांनी मागे वळून बघितलं नाही. एका थांब्यावर उतरून त्यांनी खिडकीतून मला पाण्याची बाटली दिली. "घ्या." मला ती बाटली त्यांच्या अंगावर फेकून द्यावीशी वाटली. असं सभ्य वागून माणसाला इतकं मारता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

सुयोगचं घर बाजारपेठेच्या मागे होतं. आई भाताची पेज घेऊन त्याच्याजवळ बसली होती. डोळ्यावर पांढरी पट्टी. आम्हाला बघून तो उठायला लागला. काकांनी तळहाताने त्याला बसायची खूण केली.

आई म्हणाली, "कंपनीचे साहेब येऊन गेले. ते म्हणाले, ह्यानं धरलंच चुकीचं. पुढं केलं नाही, तोंडाजवळ धरलं. म्हणून झालं."

सुयोगने काकांकडे पाहिलं. "काका, मी तेच आठवून बघतोय रोज. तुम्ही दाखवलं होतं तसंच धरलं होतं की नाही? मला खात्री वाटेना झालीय. माझं चुकलं का?"

काकांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मी पाहिल्या. तो त्यांचा खरा राग होता, पडद्यासमोरचा तो नुसता सराव होता. त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगा."

मी सांगितलं. तू बरोबर धरलं होतंस. फोटो आहे, हात पुरता लांब आहे, चेहरा मागे आहे. पिस्तुलाला भेग होती, काकांनी ती दाखवली होती, सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. काकांनी हात लावू नको म्हणून सांगितलेलं पिस्तूल मी काढून दिलं. भरताना पाहिलं आणि बोलले नाही.

आईने पेजेचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं ती मारेल. ती म्हणाली, "मग त्याला रोज रात्री माझी काय चूक, माझी काय चूक करत रडू दिलंत तीन आठवडे?"

काका सुयोगजवळ खाली बसले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून राहिले. तो रडला. चूक नव्हती हे कळल्यावर तो जास्त रडला.

नंतर जे व्हायचं ते झालं. मॅनेजर आणि ॲक्शनचा माणूस यांच्यावर गुन्हा दाखल झाला. दिग्दर्शकाचं नाव यादीत आहे, पण त्याचा वकील चांगला आहे. तारखा पडतात. काकांवरचा आरोप काढला गेला, ट्रंक परत मिळाली, जर्मन मात्र पुरावा म्हणून तिकडेच राहिलं. काकांनी परत कुठल्या सेटवर पाऊल टाकलं नाही. माझं मालिकांमधलं काम संपलं. बोलवणं बंद झालं, कुणी कारण सांगितलं नाही. मी आता अलिबागला एका फोटो स्टुडिओत आहे. लग्नाचे व्हिडिओ जुळवते. प्रत्येक तारखेला कोर्टात जाते. काका येतात, नमस्कार करतात, दोन बाकडी सोडून बसतात.

यंदा म्हसळ्याच्या शाळेच्या हॉलमध्ये हौशी नाटकांची स्पर्धा होती. सुयोगने निरोप पाठवला, दोघांनी या. दुपारचा प्रयोग. त्याने पोस्टमनचं काम केलं होतं. एका डोळ्याने त्याला रंगमंचाच्या कडेचा अंदाज चुकतो, म्हणून त्याने सगळ्या हालचाली पावलं मोजून बसवल्या होत्या. प्रेक्षकांत कुणाला कळलंही नाही. पत्र वाचण्याच्या प्रवेशाला हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती.

पडदा पडला तसे काका उठले आणि थेट विंगेत गेले. मी मागोमाग. सुयोगने अजून मिशी काढली नव्हती.

"गाढवा!" काका गरजले. "पयल्या प्रवेशात पाकीट फाडलंस ना? टराटरा फाडलंस! मंग शेवटी खिशातनं काढलंस ते बंद पाकीट कुठनं आलं? पोस्टात दुसरं छापून घेतलंस? बघनारे काय आंधळे हायत?"

'आंधळे' हा शब्द तोंडातून गेला आणि सगळ्यांनी सुयोगकडे पाहिलं. सुयोग आधी हसला. मग बाकीचे हसले. काका अजून चिडले, "हसतो काय! पुढच्या प्रयोगाला दोन पाकिटं ठेव, एक फाटकं, एक चांगलं, आनि कुठलं कधी ते लिहून ठेव! मी येनार हाय. बघनार हाय!" ते ओरडत होते आणि सुयोग मान डोलावत होता. त्या पोराचा चेहरा असा उजळला होता, की त्याला बक्षीस नाही मिळालं तरी चाललं असतं.

मी दाराशी उभी होते. पाकिटाची चूक मलाही दिसली होती. पहिल्या प्रवेशापासून मी ते पाकीटच बघत होते. मी म्हटलं, "काका, मलाही दिसलं ते."

ते वळले. आवाज खाली आला.

"हो ना, मॅडम," ते म्हणाले, आणि मला आत येता यावं म्हणून दारातून बाजूला झाले.